तोरण जिथं संपते

मी बोलायला उभी राहिले की घंटी वाजेपर्यंत थांबत नाही, हे आता तालुक्याला माहीत झालं आहे. पंधरा ऑगस्टच्या आठवड्यात महागावला वादविवाद स्पर्धा झाली. बावीस शाळा होत्या. त्यात पहिली आली दहावी 'ब' मधली मैत्रेयी बाबाराव, म्हणजे मी. शिल्ड एवढी मोठी की एसटीत मांडीवर धरून बसले तर पुढचं काही दिसेना. कंडक्टर म्हणाला, "हिचं बी अर्धं तिकीट काढा लागते व बाई."

विषय होता, 'आजच्या गावात जातिभेद उरला आहे काय?' बाजू चिठ्ठीनं ठरायची. सरांनी डबा पुढे केला, मी हात घातला, 'विरुद्ध' निघालं. म्हणजे उरला नाही असं बोलायचं. मला आनंदच झाला. विरुद्ध बाजूला जोर करायला जागा जास्त असते. "उदाहरण आपल्या गावचं दे," सर म्हणाले, "पुस्तकातलं ऐकून परीक्षकांना झोप येते." मी दिलं. मान ताठ, हात वर. "आमच्या गावच्या पोळ्याला या! पाटलांची मानाची जोडी आणि माझ्या बाबांची जोडी एकाच तोरणाखाली उभी असते. आंब्याचं पान विचारत नाही, खालचा बैल कोणाचा!" असा कडकडाट झाला की घंटी कोणाला ऐकूच आली नाही. सरांनी व्हिडिओ काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. सरपंच विमलताईंनी 'आपल्या गावची लेक' लिहून फुलं पाठवली. मारोतराव पाटलांच्या बंटीनं अंगठा दाखवला.

मी खोटं बोलतेय असं मला वाटलं नव्हतं. आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायापोरी पोळा बघतात त्या शाळेच्या भिंतीकडून. तिथून नुसती शिंगं दिसतात आणि वर एक हिरवी रेघ दिसते. सगळं सारखंच दिसतं.

खरं सांगितलं खुशीनं. खुशी मारोतरावांची नात, बंटीची बहीण, माझ्याच बाकावर बसते. पोळ्याच्या आदल्या दिवशी डबा खाताना ती सहज बोलून गेली.

"तोरण तुमच्या बैलाईवर येतच नाई मैत्रे. धनसिंगकाकाच्या जोडीपाशी संपते."

"चाल, खोटी!"

"आमच्या ओट्यावरून सरळ दिसते ना. दर वर्षी. मले वाटलं तुले माहीत हाय. म्या म्हनलं, भाषणात काहून असं बोलून राह्यली ही."

मी अर्धा डबा तसाच बंद केला.

घरी आले तर बाबा खांदेमळणी करत होते. पळसाच्या पानावर लोणी-हळद घेऊन चांद्याच्या खांद्यावर चोळत होते, जिथं जू बसून कातडं टणक झालं होतं तिथं. चांद्याच्या कपाळावर पांढरा चांद होता. तो उजवीकडचा. भोऱ्या डावीकडचा. आमचं वावर तीन एकर, पण या जोडीनं गावातल्या अर्ध्या कपाशीत बाबांचा डवरा, म्हणजे तण काढायचं कोळपं, चालायचा. मारोतरावांच्या पऱ्हाटीतही. पेरलं की गावातून हाका सुरू व्हायच्या, "बाबाराव, उद्या आमच्याकडं गा!"

"बाबा, आपली जोडी तोरणाखाली रायते ना?"

"रायते ना. बाजूलेच."

"बाजूले म्हंजे खाली का भाईर?"

बाबांनी पान उलटं केलं. "दोर तेवढाच हाय मैत्रे. कुठवर पुरन?"

"मंग दोर वाढवायचा!"

आई, नलू तिचं नाव, चुलीपासून ओरडली, "तुले शिल्ड भेटली न? मंग जेव अन् झोप."

बाबा चोळत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, "माह्या आज्यानं दीक्षा घेतली, गावची मेलेली ढोरं वढनं सोडलं, तवा दोन वर्सं त्याले कोनं काम देल्लं नाई. मंग कशीबशी जोडी घेतली. पोळ्यात गेला. शेवटी उभं राहू देल्लं. तवा तेच लय होतं."

"तवा. आता नाई."

बाबा भोऱ्याकडं वळले. मी आत जाऊन शिल्डवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी आखरावर, शाळेजवळच्या मोकळ्या जागेत, जोड्या लागल्या. गेरूनं रंगलेली अंगं, शिंगांना सोनेरी बेगड, गळ्यात घुंगरं. मी पहिल्यांदाच भिंत सोडून खाली उतरले होते. दोन खांबांना ताणलेला दोर, त्याला आंब्याची पानं. पहिल्या टोकाला मारोतरावांची पांढरीशुभ्र मानाची जोडी. मग बाकीच्या. मग बंजारा तांड्यावरच्या धनसिंगकाकांची. त्यांच्या बाहेरच्या बैलाच्या शिंगावर शेवटचं पान लोंबत होतं, तिथंच खांब. खांबाच्या पलीकडं तीन हात मोकळी जागा, आणि मग माझे बाबा, कासरा धरून, धुतलेला सदरा घालून, हसत.

ते हसणं बघून मला कसं झालं ते मी पाच मिनिटांतही सांगू शकणार नाही. मी गेले आणि त्यांच्या हातातून कासरा घेतला.

"मैत्रे, काय करतं?"

मी जोडी हाकली. ओळीच्या मधोमध एका जोडीएवढी फट होती, गेल्या वर्षी बैल विकलेल्या एका काकांची. तिथं चांद्या आणि भोऱ्या नेऊन उभे केले. वर पानं होती. एक पान चांद्याच्या कानाला लागलं, त्यानं कान हलवला.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग आलं. डफडं थांबलं. कोणीतरी म्हणालं, "हे काय नवीन?" बंटी पुढं आला. पोळ्यात झडत्या म्हणतात, म्हणजे यमक जुळवून टोमणे मारायचे, आणि बंटी त्यात पटाईत. हात उडवून त्यानं झडती टाकली:

"शिल्ड आनली, पोट्टी झाली शायनी,
जागा सोडून बैल उभे मानाच्या ठिकानी!"

"हर बोला!" सगळे हसले. झडती बायांनी म्हणायची नसते. पण यमक तर मला शाळेत बसल्याबसल्या सुचतं. मी ओरडले:

"मानाचं ठिकान कोनं नेमलं सांगा,
डवरनीच्या दिवशी मंग बैल नोका मांगा!"

एक क्षण नुसती घुंगरं वाजली. मग मागून दोनचार पोरं हसली. बंटीचं तोंड गेरूपेक्षा लाल झालं. मारोतराव आबाजी काठी टेकत आले. पंचाहत्तरीचे, मऊ बोलणारे, तंटामुक्त समितीचे अध्यक्ष. माझ्याकडं, मग वर तोरणाकडं बघून म्हणाले, "असू द्या. पोरगी हाय. तोरन तुटलं काय? चाला, पोळा फोडा."

आणि पोळा फुटला, जोड्या आपापल्या घराकडं सुटल्या. मी घरापर्यंत पळत आले, नाचत आले. बाबा जोडी घेऊन मागून आले. ते अजून हसत होते, पण ते हसणं वेगळं होतं. आईनं बैलांना ओवाळलं, पुरणाची पोळी भरवली आणि मला म्हणाली, "लय झालं आता. उद्यापासून अभ्यास."

सकाळी आईनंच पाहिलं. बैलांचा कोठा वस्तीच्या टोकाला आहे, आमच्या वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून. ती शेण काढायला गेली आणि तिची हाक आली. हाक कसली, नुसतं "अवो, अवो, अवो."

चांद्या बसलेला होता. मागच्या उजव्या पायाची, खुराच्या वरची जाड शीर तुटली होती. रक्त वाळून काळं झालं होतं, त्यावर माश्या. आम्हाला बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला. पुढचे पाय उभे राहिले, मागचं अंग उठलं नाही. पुन्हा केला. बेगड लावलेलं शिंग खुंट्यावर आपटलं. बाबा त्याच्या मानेवर पडले आणि म्हणाले, "बस बाबू, बस. नोको उठू."

दावं खुंट्याला तसंच बांधलेलं होतं. गाठ बाबांचीच.

दुपारी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी धुतलं, टाके घालता येतात का पाहिलं, नाही म्हणाले. बाबांनी विचारलं, "कशानं झालं साहेब?"

"कापल्यासारखं दिसते. आता तारेनं बी असं होते. डुकरासाठी लोक तार बांधतात ना."

"तार नाल्यापलीकडं हाय. बैल दाव्याले होता."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "मी 'खोल जखम' लिहितो. कशानं, ते पोलीस पाहतीन."

त्या दिवशी तान्हा पोळा होता. गावातली लहान पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरत होती. आमच्या गल्लीपर्यंत आली आणि कोणीतरी हाक मारून त्यांना परत बोलावलं.

बाबा ठाण्यात गेले. मीही गेले, कारण अर्ज मीच लिहिला होता, समास सोडून, सुवाच्य अक्षरात. साहेबांनी वाचला.

"संशय कोणावर?"

"पाह्यलं नाई साहेब. नाव घेत नाई."

"नाव नाही, आन् जातीवरून केलं म्हणता. ते कसं कळलं?"

बाबा हात जोडून उभे होते. ते म्हणाले, "काल पोट्टीनं बैल तोरनाखाली उभा केला. आज कापला. मधात फक्त रात होती साहेब."

साहेबांनी लिहून घेतलं. आरोपीच्या जागी 'अज्ञात'.

त्यानंतर बोलणं सुरू झालं. अख्खं गाव बोलायला लागलं, फक्त आमच्याशी नाही. ग्रुपवर कोणी लिहिलं, 'बैलाला पण जात असते काय?' खाली हसणारी तोंडं, मी मोजायला गेले आणि सोडून दिलं. 'तारेनं लागलं, डॉक्टर स्वतः बोलले.' 'पोळ्यात उभं राहू दिलं ना? मग जात आली कुठून?' 'अ‍ॅट्रॉसिटी लावायचा धंदा.' आमच्या वस्तीतल्या पोरांनीही लिहिलं, तेही गरम. मग पुसदहून एक बातमीवाला माइक घेऊन आला. त्याला चांद्याचा पाय जवळून पाहिजे होता. "हा द्वेषातून केलेला गुन्हा आहे असं वाटतं का तुम्हाला?" त्यानं आईला विचारलं. आईच्या हातात कडुनिंबाच्या पाण्याचं पातेलं होतं. ती म्हणाली, "सरका जरा, पानी थंडं होते." त्याच्या बातमीखाली हजारभर लोक भांडले. मुंबईचे, नागपूरचे, कोण कुठले. त्यातल्या एकानंही चांद्या पाहिला नव्हता.

आणि चौथ्या दिवशी कोणीतरी माझा व्हिडिओ परत टाकला. मी, मान ताठ, हात वर. 'तक्रारदाराचीच मुलगी काय म्हणते ऐका.' घरातल्या मोबाइलवर माझाच आवाज आला, "आंब्याचं पान विचारत नाही," आणि बाबांनी तो पूर्ण ऐकला. पहिल्यांदाच ऐकत होते. स्पर्धेच्या दिवशी ते डवरणीला गेले होते.

"चांगली बोलतं तू," ते म्हणाले आणि मोबाइल पालथा ठेवला.

त्या पंधरवड्यात आम्हाला कोणी डवरणीला बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी एका बैलानं काय झालं असतं! आमच्याच कपाशीत तण मांडीला लागलं होतं. बाबांनी कोणाकडून तरी सायकल डवरा आणला. एक चाक, दोन मुठी, खाली पास, म्हणजे लोखंडी पातं. तो ढकलायचा असतो, पण काळी माती ओली असली की एकट्या माणसाला रेटत नाही. मग पुढं दोर बांधून एकानं ओढायचं. मी ओढायचे. सकाळी शाळेआधी चार ओळी. दोर खांद्याला काचायचा, आई पोत्याचा तुकडा खाली द्यायची. एकदा रस्त्यानं बंटी मोटरसायकलवर जाताना थांबला. नुसता हॉर्न वाजवला, बैल हाकतात तशा चालीनं, दोनदा.

मी दोर टाकला. तोंडात यमक तयार होतं.

"वढ," बाबा म्हणाले.

मी ओढला.

सकाळ-संध्याकाळ चांद्याला कूस बदलवावी लागायची. एका कुशीवर राहिला तर कातडं सडतं. बाबा मानेशी, आई पाठीशी, मी मागचे पाय धरून. तरी हाडांच्या जागी जखमा पडल्याच. तो कुटार खायचा कमी झाला. भोऱ्या शेजारी उभा राहून त्याचं कपाळ चाटायचा, तिथला गेरू पार निघून गेला होता.

सप्टेंबर लागला तेव्हा ग्रामपंचायतीतून निरोप आला. तंटामुक्त समिती बसणार आहे.

हॉलमध्ये सतरंजीवर पुरुष, भिंतीला बाया. आमच्या वस्तीतले मागं. खुशी तिच्या आईजवळ बसली होती, मला बघून नखं खायला लागली. मारोतराव आबाजींनी सुरुवात केली, मऊच.

"बाबाराव, जे झालं ते वाईट झालं. मुकं जनावर. माह्या घरचा गोऱ्हा हाय, अडीच वर्साचा, खांद्याले चांगला. तो तुह्या कोठ्यात बांधतो. आजच. पन गावाच्या नावाचा इचार कर. तारेनं लागलं असं लिहून दे, तक्रार वापस घे. पोलीस येते, बातम्यावाले येते. गावाले जातीयवादी म्हनते लोक. आपल्या गावात हाय काय जातीयवाद? तूच सांग."

आईनं बाबांकडं पाहिलं. मला तिची नजर वाचता येते. ती म्हणत होती, गोऱ्हा घ्या. कपाशी हातची जाते. घ्या.

बाबा बोलायच्या आधी बंटी उठला. "त्याईनं कायले सांगावं? त्याच्या पोरीनं सांगतलंच हाय." त्यानं मोबाइल माइकला लावला. हॉलभर माझा आवाज घुमला. टाळ्यांचा कडकडाटही. बाया माझ्याकडं वळून बघायला लागल्या.

"बोल ना व," बंटी म्हणाला, "हे तूच बोलली का दुसरं कोनं?"

विमलताई म्हणाल्या, "सांग बेटा, भेऊ नको."

मी काय भिणार! मी उठले. पायाखाली स्टेज असल्यासारखी उभी राहिले. "मीच बोलले. पण ती स्पर्धा होती. बाजू चिठ्ठीनं पडते. मी विरुद्धची चिठ्ठी उचलली. दुसरी निघाली असती तर मी तेवढ्याच जोरात दुसरं बोलले असते. तोरण आमच्या बैलांवर येत नाही हे मला तेव्हा माहीतच नव्हतं."

मला वाटलं, आता कळलं सगळ्यांना. एवढं साधं आहे.

कोणीतरी मागून हसलं. मग आणखी कोणी.

"म्हंजे खोटं बोलून शिल्ड आनली!"

"तवा चिठ्ठीवरून खोटं, आता कोनाच्या चिठ्ठीवरून?"

"इकडून बी बोलते, तिकडून बी बोलते. वकील होईन हे!"

हॉल हसत होता. खुशी हसत नव्हती, पण ती मान खाली घालून बसली होती. मला पुढचं वाक्य सापडेना. मला. सापडेना. कानात घंटी वाजत होती आणि वेळ संपलेली होती.

तेव्हा बाबा उठले. माझे बाबा सभेत कधी बोलत नाहीत. सदऱ्याचं वरचं बटन लावलं, मग बोलले.

"पोरगी खोटं बोलली. खरं हाय. आयुष्यात एकडाव बोलली, अन् तेबी तुमच्या गावाच्या बाजूनं बोलली."

हसणं बंद झालं नाही एकदम. हळूहळू विरलं.

"गोऱ्हा तुमचा चांगला हाय आबाजी. म्याच वेसन घातली त्याले गेल्या साली. पन तार म्या पाह्यली नाई. न पाह्यलेलं लिहून देता येत नाई."

"बाबाराव, इचार कर," आबाजी म्हणाले. आवाज अजून मऊच होता. "एका बैलावर कसा वखर हाकशील? हंगाम जाईन."

"जाईन," बाबा म्हणाले.

आई भिंतीपासून उठली. मला वाटलं, ती आता भांडेल बाबांशी. तिनं माझं मनगट धरलं आणि आम्ही बाहेर आलो. घरी येईपर्यंत सोडलं नाही. घरी आल्यावर मात्र तिनं रागानं चुलीत एवढी लाकडं घातली की भाकर करपली, आणि ती करपलेली भाकर आम्ही तिघांनी खाल्ली.

शाळेत सरांनी मला वऱ्हांड्यात बोलावलं. जिल्ह्याची स्पर्धा यवतमाळला होती. "मैत्रेयी, सध्या वातावरण ठीक नाही. यंदा अर्पिताचं नाव पाठवतो. तू पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी मी या शाळेत नसणार, हे त्यांनाही माहीत होतं. मी "हो सर" म्हटलं. दोनच शब्द. वर्गात येऊन बसले. खुशीनं डब्यातला शिरा माझ्याकडं सरकवला. मी खाल्ला नाही, परतही सरकवला नाही. तो मधात राहिला.

पोळ्यानंतर एकोणिसाव्या दिवशी, सकाळी, चांद्या मेला. मी कूस बदलायला पाय धरले तर ते थंड होते.

आता त्याला कुठं न्यायचं? गावातलं मेलेलं जनावर नाल्यापलीकडच्या पडीत नेतात, ट्रॅक्टरला दोर बांधून. ट्रॅक्टर तिघांकडं. बाबांनी दोघांना विचारलं. एकाचा बिघडला होता. दुसऱ्याचा बिघडणार होता. तिसरा मारोतरावांचा. तिकडं बाबा गेले नाहीत.

वस्तीतले दोघं म्हणाले, "आपनच दोर लावू बाबाराव. आठ जन झाले तर वढता येईन."

बाबा कोठ्याच्या दारात उभे होते. मग म्हणाले, "वढायचा नाई."

"मंग?"

"हे आपलं वावर हाय. इथंच खंदू. त्याच्या बाजूलेच."

त्यांनी कोठ्याच्या मागच्या कुडाच्या काड्या काढल्या. चांद्याच्या पाठीला अगदी लागून, वीतभरही अंतर न सोडता, फावड्यानं रेघ मारली. आणि खणायला लागले. काळी माती, वर ओली, खाली चिकट. फावड्याला लागली की सुटायची नाही, दर दोन घावांनी काडीनं खरडावी लागायची. आई टोपलीनं माती काढत होती, मी दुसऱ्या टोपलीनं. दोन हात खोलीवर पाणी लागलं. बाबा गुडघाभर चिखलात उतरले आणि खणत राहिले.

वस्तीतली माणसं येऊन हात लावून गेली. सगळ्यांना कामावर जायचं होतं. कोणाच्या तरी वावरात, मालक वाट बघत असणार. दुपारपर्यंत आम्ही तिघंच उरलो.

रस्त्यावर दोन मोटरसायकली थांबल्या. मोबाइल वर झाला. ओळखीची पोरं होती, माझ्यापुढं दोन वर्षं असलेली. एकानं ओरडून विचारलं, "काका, एवढं कायले खंदता? वढून न्या ना. तुमाले तं जुनी सवय हाय!"

बाबांनी वर बघितलं नाही. आईनं टोपली खाली ठेवली, पदर कमरेला घट्ट केला, टोपली परत उचलली. आणि मी? मला यमक सुचलं नाही. मी खाली वाकले, माती भरली.

मोटरसायकली गेल्या. मग धुऱ्यानं एक माणूस येताना दिसला. खांद्यावर सब्बल, लोखंडी पहार. धनसिंगकाका. पोळ्यापासून ते आमच्याकडं फिरकले नव्हते. सभेतही खांबाआड बसून होते, मान खाली. आले, चपला काढल्या, चांद्याच्या कपाळावर हात ठेवला आणि खड्ड्यात उतरले. बाबा सरकले. दोघं खणायला लागले, एकजण सब्बलीनं फोडायचा, दुसरा फावड्यानं काढायचा.

मग धनसिंगकाका न थांबता म्हणाले, "बाबाराव, कोनं कापलं ते म्या नाई पाह्यलं."

"हो गा."

"खोटं नाई सांगनार."

"नोको सांगू."

सब्बल दोनदा पडली.

"पन तोरन माह्या जोडीपाशी संपते. माह्या बाहेरच्या बैलाच्या शिंगावर. दर साली. तेवढं मले माहीत हाय. ठान्यात विचारलं तर तेवढं सांगतो म्या."

बाबांनी फावडं टेकवलं. चेहरा चिखलानं भरला होता, काय वाटलं ते दिसलं नाही. "तांड्यात इचार अगुदर. तुलेबी याच गावात रायचं हाय."

"इचारलं," काका म्हणाले. "बायको नाईच म्हनते."

आणि पुन्हा खणायला लागले. ते सांगतील की नाही, मला आजही माहीत नाही. अजून कोणी विचारलेलं नाही.

ऊन कलल्यावर खड्डा पुरा झाला. काकांनी सब्बल पाठीखाली घातली, बाबांनी लाकडी बल्ली, आम्ही मायलेकी पायांशी. "एक, दो," आणि चांद्या कुशीवरून वळला, आणखी एकदा वळला, आणि आत गेला. हातभरही ओढावा लागला नाही. पाणी उडालं. माझ्या तळहाताला शिंगावरची बेगड चिकटून आली होती, सोनेरी, चुरगळलेली. आईनं दोन पायली खडेमीठ टाकलं. मग माती.

माती भरून झाली तरी ढीग उरला. बाबांनी तो फावड्याच्या पाठीनं थोपटला. कोठ्यात आता एकच खुंटा लागणार होता. त्यांनी दोन्ही उपटले, एक मधोमध ठोकला आणि भोऱ्याला त्याला बांधलं, ऐसपैस उभा राहावा म्हणून.

भोऱ्या थोडा वेळ थांबला. मग दावं ताणलं जाईपर्यंत डावीकडं सरकला आणि उजवीकडची जागा सोडून उभा राहिला, पोळ्यात उभा होता तसा.